प्रागला पडलेली माणसं

मराठी माणूस जन्मभर पडतच असतो. लहानपणी आजारी पडतो, तरुणपणी प्रेमात पडतो, लग्नानंतर खर्चात पडतो, आणि निवृत्त झाला की मुलांना प्रश्न पडतो, आता बाबांचं काय करायचं? आमच्या मुलाला हा प्रश्न पडला तेव्हा त्याने आम्हा दोघांना युरोपच्या सहलीत ढकलून दिलं. "बाबा, जरा घराबाहेर पडा," म्हणाला. पडलो. ठाण्याहून निघालो तो प्रागला जाऊन पडलो. इथलं 'पडलो' अगदी शब्दशः घ्यायचं आहे, पण त्याला वेळ आहे.

निघण्याआधी बुटांवरून घरात तंटा झाला. माझं म्हणणं, दहा वर्षं पायात असलेलं बाटाचं सँडल घालून मी चंद्रावरही जाईन. मुलाने मात्र ढगासारख्या तळव्यांचे, पोपटी लेस असलेले, भलतेच महागडे बूट आणून ठेवले होते. "युरोपात आपलं देशी सँडल कोण घालतं?" असं बायको म्हणाली आणि सँडल पलंगाखाली सरकवलं गेलं. 'देशी' हा शब्द लक्षात ठेवावा.

प्रागमध्ये आमची गाइड एक चेक बाई होती. वय पंचावन्नच्या आसपास, हातात लाल छत्री, पायात सपाट बूट, आणि चेहरा दहावीच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईंचा. आमच्या टूर मॅनेजरने "काका-काकू, सगळ्यांनी छत्रीवर लक्ष ठेवा," असं बजावल्यामुळे ऊन असो वा सावली, अडतीस माणसं एका मिटलेल्या छत्रीमागून चालत होती. बाईंनी पहिल्याच वाक्याला सांगितलं, की या गावाचं खरं नाव प्राहा. दंतकथा अशी, की लिबुशे नावाच्या राजकन्येला या जागी मोठ्या नगराचा दृष्टांत झाला. तिने सांगितलं, रानात एक माणूस घराचा उंबरठा घडवत बसलेला दिसेल, तिथे किल्ला बांधा. उंबरठ्याला त्यांच्या भाषेत 'प्राह' म्हणतात, त्यावरून प्राहा.

मला तिथेच धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती. उंबरठा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. त्यावर बसायचं नाही, त्यावर शिंकायचं नाही, त्याच्या अल्याडपल्याड उभं राहून देणंघेणं करायचं नाही, आणि एवढं सगळं पाळूनही ज्याला हमखास ठेच लागते तो उंबरठा. ज्या गावाने नावच उंबरठा घेतलंय, तिथे मी मान वर करून चालत होतो.

पण करणार काय? या गावात बघायचं ते सगळं वर आहे. शंभर मनोऱ्यांचं शहर म्हणून ते मिरवतं. वर मनोरे, वर पुतळे, वर घड्याळ. खाली मात्र मुठीएवढ्या दगडांची फरसबंदी. आपल्याकडे फुटपाथचे ब्लॉक उखडलेले असतात म्हणून ठेच लागते. इथे ते वर्षानुवर्षं घट्ट बसलेत म्हणून लागते. थोडक्यात, मान आणि पाय यांचं एकमत होऊ नये अशी व्यवस्था नगरपालिकेने केलेली आहे.

मान पहिल्यांदा आखडली ती घड्याळापाशी. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचं घड्याळ आहे, ओर्लोय म्हणतात त्याला. तासाच्या ठोक्याला त्याच्या खिडक्या उघडतात आणि येशूचे बारा शिष्य एकामागून एक तोंड दाखवून जातात. तो ठोका बघायला आम्ही पाऊण तास आधी जाऊन उभे राहिलो. कारण, टूर मॅनेजरच्या शब्दांत, "पुढची जागा पकडावी लागते, काकू." पुढची जागा पकडणे या विषयात आमच्या ग्रुपला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. चाळीस वर्षं डोंबिवली फास्टने गेलेल्या एका काकूंनी दोन जर्मन आणि एक कोरियन कुटुंब बाजूला सारून बाराही शिष्य समोर येतील अशी जागा मिळवली.

पाऊण तास नुसतं उभं राहायचं तर ते घड्याळ तरी वाचावं म्हणून मी प्रयत्न केला. त्यावर वेळ सोडून सगळं आहे असं प्रथमदर्शनी वाटतं. सूर्य कोणत्या राशीत आहे ते कळतं. चंद्राची कला कळते, कारण चंद्र म्हणजे अर्धा काळा अर्धा रुपेरी गोळाच आहे. खालच्या तबकडीवर वर्षाचे सगळे दिवस आणि प्रत्येक दिवसाचा संत. बाहेरच्या कड्यावर जुन्या बोहेमियाचे तास, ते सूर्यास्तापासून मोजायचे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, यांचा दिवेलागणीला व्हायचा. मी बायकोला म्हटलं, "अगं, हे घड्याळ नव्हे, भिंतीवर लावलेलं पंचांग आहे. फक्त मागच्या पानावर पाककृती नाहीत." नागपूरच्या काकांनी चष्मा सारखा करून विचारलं, "राहुकाळ कुठे दाखवते?" बाईंना राहू समजावून सांगेपर्यंत तास भरत आला.

मग तो क्षण आला. एका सांगाड्याने, म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूने, दोरी ओढून घंटा वाजवली. शेजारी एक आरशात बघणारा गर्विष्ठ, एक थैली धरलेला कंजूष आणि एक तुर्क असे उभे आहेत. मृत्यू मान हलवून 'चला' म्हणतो आणि हे तिघं 'नाही, नाही' अशी मान हलवतात. वर दोन खिडक्यांतून शिष्य सरकत गेले. शेवटी सोनेरी कोंबडा आरवला. सायकलच्या रबरी भोंग्यातून हवा जावी तसा. खिडक्या बंद. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल.

चौकात शांतता पसरली. शेदोनशे देशांतल्या माणसांना एकाच वेळी एकच प्रश्न पडला होता, तो डोंबिवलीच्या काकूंनी मराठीत विचारला: "झालं?"

गाइड बाईंना या प्रश्नाची सवय असावी, कारण त्यांनी लगेच हानुशची गोष्ट काढली. घड्याळ करणाऱ्या हानुशचे डोळे म्हणे नगरशेठांनी काढवले, दुसऱ्या गावी त्याने असं घड्याळ करू नये म्हणून. खरं तर घड्याळ केलं मिकुलाश नावाच्या कारागिराने आणि त्याचे डोळे शाबूत होते, हेही त्यांनीच सांगून टाकलं. आमच्यातल्या चौघांनी ताबडतोब ताजमहालच्या कारागिरांचे हात काढले. जगात सुंदर काही झालं की कारागिराचा एखादा अवयव गेल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही.

तिथून हुसोवा गल्लीत आलो तर वर एक माणूस लोंबकळत होता. छपरातून निघालेल्या दांडीला एका हाताने धरून, दुसरा हात खिशात घालून, रस्त्याच्या मधोमध. बायकोने माझा दंड धरला. तो डॉक्टर सिगमंड फ्रॉइड निघाला. दाविद चेर्नी नावाच्या शिल्पकाराने त्याला तिथे टांगून ठेवलाय. फ्रॉइडचा जन्म इथल्याच मोराविया भागातला, १८५६चा. पडावं की धरून राहावं असा विचार करत तो लटकला आहे. खाली चहाकॉफीच्या दुकानात लोक निवांत बसले होते. मला तेव्हा हे शहर हळूहळू कळायला लागलं. या गावाचा मुख्य उद्योग घड्याळ नव्हे, मनोरे नव्हेत. पडणे हा आहे.

चार्ल्स पुलावर त्याचा पुरावाच मिळाला. पूल पाचशे सोळा मीटर लांब, दोन्ही अंगांना मिळून तीस पुतळे. चौथ्या चार्ल्स राजाने त्याची पायाभरणी मुहूर्त बघून केली असं सांगतात: साल १३५७, नववी तारीख, सातवा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. ओळीने मांडा, १ ३ ५ ७ ९ ७ ५ ३ १. चढत जा, उतरत या. नागपूरच्या काकांनी हे तळहातावर पेनने लिहून तीनदा तपासलं आणि गाइड बाईंकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. चुन्यात मजबुतीसाठी अंडी घातली होती, गावोगावहून अंड्यांच्या गाड्या मागवल्या, आणि एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली, अशीही कथा आहे. तो गाव कुठला म्हणून आपल्याकडच्या गावांची नावं घेत ग्रुपमध्ये जिल्हावार भांडण लागायच्या बेतात होतं. टूर मॅनेजरने पुढे हाकललं.

तर या पुलावरून १३९३ साली नेपोमुकच्या यान नावाच्या धर्मगुरूला नदीत टाकलं. टाकवणारा राजा चौथा वेन्सेस्लास, पूल बांधणाऱ्याचा मुलगा. बापाने मुहूर्त बघून पूल बांधावा आणि मुलाने त्यावरून माणसं फेकावीत, ही वारसा हक्काची जुनीच रीत. लोककथा सांगते, की राणीने कबुलीजबाबात काय सांगितलं ते राजाला हवं होतं आणि यानने सांगितलं नाही. "बायकोने दुसऱ्याला काय सांगितलं हे कळून करायचं काय होतं त्याला?" बायको म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढे यान संत झाला. पुलावर त्याचा १६८३चा पुतळा आहे, डोक्याभोवती पाच तारे. चौथऱ्यावर तो नदीत पडतानाचं छोटं शिल्प आहे आणि त्याला हात लावला की नशीब उघडतं. हात लावून लावून ती जागा सोन्यासारखी झळझळते. शेजारच्या शिल्पात एक कुत्रा आहे. त्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नसावा, पण रांगेतल्या लोकांनी तोही चकचकीत करून ठेवलाय. देवळातल्या नंदीला हात लावायची सवय असलेल्या आमच्या ग्रुपने यान, कुत्रा आणि जाताजाता एक दिव्याचा खांब अशा तिघांनाही स्पर्श केला.

गंमत पुढे आहे. १४१९ साली लोकांनी चिडून नव्या नगरभवनाच्या खिडकीतून नगरसेवकांना खाली फेकलं. राजा तोच, वेन्सेस्लास. ती बातमी ऐकून त्याने जी हाय खाल्ली, ती थोड्याच दिवसांत त्याला घेऊन गेली. नेपोमुकच्या बाजूने एवढा हिशेब नियतीने चुकता केला असं म्हणायला हरकत नाही.

किल्ल्यावर पोचेपर्यंत ढगासारख्या बुटांतले ढग उतरले होते. तिथल्या सेंट व्हिटस कॅथीड्रलचं काम १३४४ला सुरू झालं आणि १९२९ला संपलं. आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं काम सहा वर्षं रखडलंय. मी मनोमन बिल्डरला माफ केलं. आत रांग होती, खिडक्यांच्या रंगीत काचा होत्या, मान पुन्हा वर गेली. ते सगळं पोस्टकार्डावर जास्त नीट दिसतं.

पण जुन्या राजवाड्यातली ती एक खिडकी बघायला मी दोनदा गेलो. २३ मे १६१८. चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना, स्लावाता आणि मार्टिनित्स यांना, उचलून खिडकीबाहेर टाकलं. मग लक्षात आलं, की कारकून उरलाय. त्यालाही टाकलं. तो बिचारा फिलिप फाब्रिसियस, तिथे लिहायला आला होता. तिघं वीसेक मीटर खाली पडले आणि तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, मातेने पदरात झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, शेणाच्या ढिगात पडले. दोघांच्या म्हणण्यावरून जे युद्ध पेटलं ते तीस वर्षं चाललं. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा त्याची बारा वर्षं होत आली होती.

मला कारभाऱ्यांचं काही नाही. माझा जीव त्या कारकुनात अडकला. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. साहेबांच्या भांडणात शेवटी खिडकीबाहेर कोण जातो, हे मला ठाऊक आहे. फक्त आमच्याकडे नंतर चौकशी बसते. फाब्रिसियसला व्हिएन्नाच्या बादशहाने उमराव केलं आणि पदवी दिली 'फॉन होहेनफाल', म्हणजे उंचावरून पडलेला. आपल्याकडे असता तर वंशाला 'उंचपडे' आडनाव पडलं असतं, आणि आज पुण्यात उंचपडे कुलसंमेलन भरलं असतं.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला चेर्निन राजवाडा आहे. तिथे १९४८च्या मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री यान मासारिक त्यांच्या खिडकीखाली मृतावस्थेत सापडले. पडले की पाडले, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. हे सांगताना बाईंनी छत्री खाली केली होती. आम्हीही गप्प होतो.

आता माझं.

किल्ल्यावरून उतरणारी नेरुदोवा नावाची गल्ली आहे, घसरगुंडीसारखी. १७७० पर्यंत इथल्या घरांना नंबरच नव्हते. दारावर चिन्ह असायचं आणि तोच पत्ता. दोन सूर्यांचं घर, तीन व्हायोलिनांचं घर, लाल कोकराचं घर. पत्र्या मारुतीच्या अलीकडे, खुन्या मुरलीधराच्या पलीकडे अशा पत्त्यांवर माझी मुंबईची बदली होईपर्यंत हयात गेली आहे. मला त्या गल्लीत एकदम माहेरी आल्यासारखं झालं. सत्तेचाळीस नंबरवर दोन सूर्य पाहिले. बारा नंबरवर तीन व्हायोलिनं दिसली. कधीकाळी त्या घरात व्हायोलिन करणारं कुटुंब राहायचं. मी मान वर करून ती मोजत होतो. एक, दोन...

तिसरं मी आडव्या स्थितीत मोजलं.

पडण्याचा आवाज कसा झाला ते मला सांगता येणार नाही, पण खालच्या अंगाला असलेला जपानी ग्रुप वळून बघायला लागला. एक सद्गृहस्थ धावत आले, वाकले, काळजीने म्हणाले, "ओके?" माझा घोटा पायातून निघून स्वतंत्र विचार करायला लागला होता. मी कळवळून म्हटलं, "नो! नो, नो!" त्यांचा चेहरा उजळला. माझ्या खांद्यावर थोपटून ते निघून गेले. पुढे बाईंकडून कळलं, की चेक बोलण्यात 'नो' म्हणजे 'हो हो'. आणि खरोखरच्या 'हो'ला म्हणतात 'आनो'. म्हणजे हो म्हणा, नाही म्हणा, त्या गावात तुम्ही ठणठणीतच.

"अहो, बघून चालायला काय होतं?" बायको आली. तेच तर करत होतो. टूर मॅनेजर आला आणि म्हणाला, "काका, पडलात?" मी व्हायोलिनांकडे बोट दाखवलं. मग बायकोने मला उचलून त्या बारा नंबरच्या घराच्या उंबरठ्यावर बसवलं, पोपटी लेस सोडल्या, बूट ओढून काढला. उंबरठ्यावर बसू नये हे तिनेच मला पंचवीस वर्षं सांगितलंय. थोड्या वेळाने स्वतःही टेकली.

घोटा मोडला नव्हता, मुरगळला होता. बर्फ हवा होता. सगळ्यांत जवळचा बर्फ गल्लीच्या तोंडाशी एका पबात मिळाला, आणि नुसता बर्फ मागणं बरं दिसेना म्हणून नागपूरच्या काकांनी बिअर मागवली. बिअरला ते 'पिवो' म्हणतात. काका म्हणाले, "एवढं समजतं आपल्याला, पिवो म्हणजे पिऊ." हसलो, पण ते बरोबर निघालं, आपल्या पिण्याचं आणि त्यांच्या पिवोचं मूळ एकच. दार ते द्वेर्झे, आभाळ ते नेबे म्हणजे आपलं नभ, आणि दोन म्हणजे द्वा. शिवाय ज्या 'ऌ'ला आपण पाटीवर गिरवून नंतर 'क्लृप्ती' सोडता कुठेही नोकरी लावू शकलो नाही, त्याला यांनी थेट नदीच्या नावात बसवलंय. व्हल्तावा म्हणताना त्यांच्या तोंडातून जो 'ल' निघतो त्याला आजूबाजूला स्वर लागत नाही.

तिथला वेटर बोलत नाही. ग्लास संपला की न विचारता दुसरा ठेवतो आणि टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने एक काडी ओढतो. काका भिडस्त. आलेलं नको कसं म्हणायचं म्हणून संपवत गेले. पट्टीवर पाचवी काडी पडली तेव्हा बाई धावत आल्या आणि ग्लासवर गोल पुठ्ठा उपडा ठेवला. नको म्हणायची तीच खूण. काका हळहळले, "पानावर हात आडवा धरायचा, एवढंच होतं होय? आधी सांगायचं ना, बाई!"

पोपटी बूट आता पायात जाईना. बाई म्हणाल्या, वेन्सेस्लास चौकात बाटाचं दुकान आहे. आम्ही सगळेच आश्चर्यात पडलो. आपला बाटा इथे कसा? चौकात खरोखरच त्यांची १९२९ सालची काचेची भलीथोरली इमारत उभी आहे. तोमाश बात्या, गाव झ्लीन, कंपनी १८९४ची. ज्याला आम्ही जन्मभर स्वदेशी समजून पायात घातलं ते सँडल इथलं निघालं. "कोलकात्याजवळ बाटानगर आहे ना पण," काका शेवटपर्यंत लढत होते. मी सँडल घेतलं. किंमत नेहमीप्रमाणे नव्याण्णवने संपत होती. तोही बात्याचाच शोध म्हणतात इथे. बायको काही बोलली नाही.

बाहेर चौकात बाकावर बसलो. चौक कसला, अर्धा पाऊण किलोमीटर लांब रस्ताच. बाईंनी सांगितलं, १९८९च्या नोव्हेंबरात त्या विद्यार्थिनी होत्या आणि इथेच उभ्या होत्या. थंडी होती. लाखो लोक होते आणि सगळ्यांनी खिशातून घराच्या किल्ल्या काढून वाजवल्या. म्हणजे, शेवटची घंटा झाली, आता घरी जा. काही आठवड्यांत चाळीस वर्षांची सत्ता पडली, डिसेंबरअखेर वाक्लाव्ह हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

काका विचारात पडले. "सरकार पाडलं ते ठीक. पण आमदार किती होते? कुठल्या हॉटेलात ठेवले होते?"

मला त्याचं इंग्रजी करता आलं नाही. तेवढ्यात बायकोने पर्समधून आमच्या ठाण्याच्या फ्लॅटच्या किल्ल्या काढल्या. प्रवासात दर चार तासांनी त्या आहेत का बघायचा तिचा नेम आहे. तिने सवयीने जुडगा हलवून पाहिला. बाईंनी वळून पाहिलं. क्षणभर थांबल्या, मग त्यांनीही आपल्या पिशवीतून जुडगा काढला आणि हळूच वाजवला. डोंबिवलीच्या काकूंनी कमरेचा काढला.

काकांना राहवेना. त्यांनी सगळे खिसे चाचपले. शेवटी हॉटेलच्या खोलीचं प्लास्टिकचं कार्ड सापडलं. ते त्यांनी हवेत दोनतीनदा हलवलं, कानाशी नेलं.

"हे वाजत नाही," म्हणाले.